स्वप्न एकाला, धागा दुसऱ्याकडे
रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका करतो अशा गोष्टीच्या खेळात, एखाद्या पात्राला स्वप्न पडणार असेल, तर गेम मास्टरने (गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याने) ते सगळ्यांसमोर वाचून दाखवू नये. चिठ्ठीवर दोन ओळी लिहून त्या खेळाडूच्या हातात द्याव्यात: ‘कोरड्या विहिरीत दिवा जळतोय. काठावर तुझी बहीण उभी आहे, पण तिला तोंड नाही.’ बस्स, अर्थ सांगायचा नाही. त्या विहिरीचा ठावठिकाणा मात्र दुसऱ्याच खेळाडूला माहीत असू द्या, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. किती सांगायचं, किती लपवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. खरी रंगत तिथेच येते. अधूनमधून इतरांनाही किरकोळ चिठ्ठ्या द्या, नाहीतर चिठ्ठीवाल्यावर लगेच संशय जातो. आणि बरेच दिवस नुसतं पडून राहिलेलं गुपित सरळ फोडून टाका.