वारसा जिवावर बेततो तेव्हा: रहस्यकादंबरी लिहिताना या चुका टाळा

कधी न पाहिलेल्या आत्याचं घर नायिकेच्या नावावर होतं. ती तिथे जाते. रात्री जिन्यावर पावलं वाजतात, दोन दिवसांनी गाडीचे ब्रेक लागत नाहीत. आणि चाळिसाव्या पानावर वाचक पुस्तक खाली ठेवून म्हणतो, 'बाई गं, विकून टाक की ते घर!'

याला उत्तर नसेल तर पुढची अडीचशे पानं वाया गेली. माझ्या स्वतःच्या पहिल्या खर्ड्यात ते नव्हतं. 'ती मुळातच हट्टी होती' अशी एक ओळ टाकून मी वेळ मारून नेली होती. हट्टावर एखादं प्रकरण निभतं, कादंबरी निभत नाही. वारसा बऱ्याच ठिकाणी कायद्याने नाकारता येतो. हक्कसोडपत्र हा शब्द तर आपल्या रोजच्या ओळखीचा. मग जीव धोक्यात असताना ती सही करून मोकळी का होत नाही? ही पळवाट लेखकाने पहिल्या पन्नास पानांतच बुजवायला हवी.

एक मार्ग मृत्युपत्रातल्या अटीचा. वर्षभर त्या घरात राहिली नाही तर ते दुसऱ्याला जाईल, आणि तो दुसरा असा की त्याच्या हाती ते पडणं तिला परवडणार नाही. अट नुसती विचित्र असून भागत नाही. ती घालणाऱ्या मेलेल्या माणसाचा त्यात काय हेतू होता, हे तुम्हाला ठाऊक हवं. दुसरा मार्ग म्हणजे धोका घराला न चिकटवता घरात सापडलेल्या माहितीला चिकटवणं. तिने ती वही वाचली आहे. घर विकता येतं, वाचलेलं कसं विकणार? मला सगळ्यात आवडतो तो तिसरा: मिळणाऱ्या पैशांच्या भरवशावर तिने आधीच कर्ज काढून ठेवलंय, घरच्यांना न सांगता. इथे दार तिने स्वतःच लावून घेतलेलं असतं. अशा नायिकेबद्दल वाचकाला राग आणि काळजी दोन्ही वाटतात.

दुसरी तक्रार नेहमीची: 'खुनी शंभराव्या पानावरच कळला.' कळणारच. मृत्युपत्र आलं की वाचक मनातल्या मनात हिशेब मांडतो, ही मेली तर कोणाला मिळणार? तुम्ही त्याला तीन नावं दिलीत, त्यातला एक गोड बोलणारा चुलतभाऊ. झालं. शिवाय इथे कायद्याची एक मेख असते, ती बरेच नवे लेखक विसरतात. खून करून त्याच माणसाची वारसदारी पदरात पाडून घेता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका नातवाने, आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीने, त्यांना विष घातलं होतं. मृत्युपत्र कागदोपत्री चोख होतं, तरी 1889 साली न्यायालयाने त्याला मालमत्ता नाकारली. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 मधलं कलम 25 खुनी वारसाला अपात्रच ठरवतं. म्हणजे तुमच्या खलनायकाला नुसतं मारून चालणार नाही. ते खून वाटताच कामा नये. किंवा लाभ दुसऱ्याच्या नावावर हवा: वारस एक निष्पाप दहा वर्षांचा मुलगा, आणि खुनी त्याचा पालक. आता वाचकाची यादी चुकते, कारण मुलावर तो संशयच घेत नाही.

याच कायद्यातलं कलम 21 तर रहस्यकथाकारासाठीच लिहिलंय की काय असं वाटतं. दोघे एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं ते कळायला मार्ग नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत धाकटा मागे उरला असं धरलं जातं. मग थोरल्याचा वाटा धाकट्याकडे, आणि त्याच्याकडून त्याच्या वारसांकडे. एखाद्या साक्षीदाराने 'थोरले तेव्हा कण्हत होते' एवढं सांगितलं तरी सगळी मालमत्ता दुसऱ्या घरात जाते. त्या साक्षीदाराचं आयुष्य किती धोक्यात आलं बघा!

शेवटच्या प्रकरणात पुस्तकांच्या कपाटामागे नवं मृत्युपत्र सापडणं ही आळशी सोय आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार साधारणपणे मृत्युपत्राला किमान 2 साक्षीदार लागतात. ते दोघे तीनशे पानं कुठे होते? विचित्र मृत्युपत्र चालतं, हे खरं. 1948 मध्ये कॅनडातला एक शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. सगळं बायकोला, असं त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोरलं, आणि पुढे ते मृत्युपत्र म्हणून मान्य झालं. पण तो चाकू तुमच्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणातच दिसायला हवा, फळ कापताना वगैरे.

वकील सगळ्या नातलगांना दिवाणखान्यात जमवून मृत्युपत्र वाचतो, तो प्रसंग सिनेमातून आलाय. ठेवायचा तर ठेवा, पण तो कोणी मुद्दाम घडवून आणला याचं कारण द्या.

विषाबद्दल थोडं. आर्सेनिकला फ्रान्समध्ये 'वारशाची भुकटी' असं टोपणनाव होतं. 1836 मध्ये जेम्स मार्शची चाचणी आली आणि शरीरातलं आर्सेनिक न्यायालयात दाखवणं शक्य झालं. आजच्या काळातल्या कथेत 'कुणाला कळणारच नाही असं विष' शोधत बसू नका. शवविच्छेदन करा असं म्हणणारं घरात कोण उरलंय, हा प्रश्न जास्त कामाचा. म्हातारीच्या मृत्यूवर कोणी शंकाच घेत नसेल, तर साधी झोपेची गोळीही पुरते.

मधली शंभर पानं बसली असतील तर बहुधा तुम्ही सगळंच लपवून ठेवलंय. शेवटासाठी राखलेल्या गुपितातलं अर्धं आताच वाचकाला देऊन बघा, नायिकेला नको. ती चुलतभावाच्या गाडीत बसायला निघते तेव्हा काय होतं ते पाहा.

आणि शेवटी घर जाळून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. जाळा. फक्त विम्याचे पैसे कोणाला मिळणार, ते आधी ठरवा.