पुळणीवरचं काटेरी गवत काढू नका, लावायचं तर आता लावा

नारळी पौर्णिमेनंतर उधाणाचा जोर ओसरतो, पण वाळूत ओल टिकून असते. पुळणीला लागून वाडी असलेल्यांनी वाळू धरून ठेवणारं स्पिनिफेक्स गवत लावायला हाच काळ धरावा.

टोकदार राठ पात्यांचं हे गवत मर्यादवेलीच्या सोबतीनं वाढतं. तमिळनाडूत त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. पायाला टोचतं म्हणून आपल्याकडे ते उपटून टाकतात, आणि मग उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं माडाची आळी वाळूनं भरतात. भारत, श्रीलंकेपासून थायलंड, इंडोनेशिया, तैवानपर्यंतचे किनारे हे त्याचं मूळ घर. आपल्या कोकण-गोव्यात ते कुणी आणून लावलेलं नाही.

बाहेरून आणलेल्या गवताचं काय होतं ते कॅलिफोर्नियात पाहा. युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मॅरम गवत 1869 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत वाळू थोपवायला लावलं. वाळू थांबली, पण गवत इतकं माजलं की तिथल्या मूळ वनस्पती हटल्या, वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली. आता तेच गवत खर्च करून उपटावं लागतंय. न्यूझीलंडमध्येही मॅरमनं तिथल्या स्पिनिफेक्सची जागा बळकावली. म्हणून ऑनलाइन मिळणारं परदेशी बी आणू नका. सुरूसुद्धा पुढच्या पट्ट्यात नकोच. तिच्या सुयांच्या थराखाली फारसं काही उगवत नाही.

जवळच्या दाट गवतातून तीन-चार पेरांच्या कांड्या घ्या, पण एकाच जागेवरून ओरबाडू नका. या गवतात नर-मादी झाडं वेगळी असतात. काटेरी गोल चेंडूसारखी फळं धरते ती मादी. ते चेंडू वाऱ्यानं घरंगळत जाऊन बी पसरवतात. दोन्हींच्या कांड्या मिसळल्या नाहीत तर बी धरणार नाही. उधाणाच्या खुणेच्या वर, हात-दीड हात अंतरावर, दोन पेरं ओल्या वाळूत जातील अशा पुरा. खताची गरज नाही. वाळू अंगावर आली की गवत पेरांना मुळं फोडत वर येतं.

गुरं आणि गाड्या मात्र आत येऊ देऊ नका. समुद्राकडे जायला एकच वाट ठेवा, तीही तिरकी. सरळ वाटेतून वारा घुसून वाळूचं टेकाड फोडतो. वाडी सपाट करायला टेकाड उकरण्याचा विचार असेल, तर तो कायद्यानंही चालत नाही: सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नियमांत वाळूची टेकाडं संरक्षित आहेत.