जुन्या बेसबॉलचे टॉप बॅटर शोधताय? मग या चुका टाळा

सीझनच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये .492 हा आकडा तुम्हाला दोनदा दिसेल, एकदा लिव्हाय मेयर्ल, 1871 आणि एकदा टिप ओनील, 1887, आणि दोन्ही वेळा माणूस गंडतो. मी तर दोघांना एक्सेलमध्ये जॉइंट फर्स्ट टाकून मोकळा झालो होतो, क्रिकेटची सवय, दुसरं काय!

आधी सवयच मोडा. आपलं ॲव्हरेज म्हणजे रन भागिले आउट, तिकडे हिट (बॉल मारून बेसवर पोचणं) भागिले ॲट-बॅट (बॅटरची मोजलेली एक पाळी) आणि वॉक, म्हणजे पिचरच्या (बॉलरच्या) वाईट बॉलांमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, मिळाला तर तो ॲट-बॅटमध्ये धरतच नाहीत. म्हणून .300 म्हणजे चांगला बॅटर.

आता मेयर्ल. नॅशनल असोसिएशन या पहिल्या प्रोफेशनल लीगचा पहिलाच सीझन, 26 मॅच, 130 ॲट-बॅट, 64 हिट, खेळ संपला. आकडा खरा आहे, पण एवढ्याशा सीझनवरून त्याला सगळ्यांच्या डोक्यावर बसवू नका. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलच्या, अधिकृत यादीत तो दिसला नाही तर साइट बिघडलेली नाही, ही लीग ते मेजर धरत नाहीत, बस.

ओनीलची भानगड वेगळीच. 1887 मध्ये, फक्त त्या एका वर्षी, वॉकसुद्धा हिट म्हणून मोजले आणि वर बॅटरला आउट करायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल) लागायचे! नंतर वॉक काढून टाकले तर उरतात .435, जे तरीही भारीच आहे. त्यामुळे 1887 चं कुणाचंही ॲव्हरेज दोन ठिकाणी दोन दिसलं की आधी वॉक धरलेत का ते बघा, माझा अर्धा दिवस यातच गेला.

रॉस बार्न्सच्या बाबतीत लोक उलटी चूक करतात. बॉल आधी आत टप्पा खाऊन मग फिरत फाउलमध्ये, म्हणजे खेळाच्या रेषेबाहेर, गेला तरी तेव्हा चालायचा आणि हा त्यात उस्ताद, 1876 ला शिकागोकडून .429. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि गडी थेट .272 वर, म्हणून सगळे म्हणतात नियमाने संपवला. अहो पण तो त्या सीझनला आजारी होता, जेमतेम 22 मॅच खेळला, ते कोण बघणार?

होम रनमध्ये नेड विल्यमसन, 1884, 27 होम रन. रेकॉर्ड 1919 पर्यंत टिकला, मग बेब रूथने 29 मारले. पण शिकागोच्या त्या ग्राउंडचं लेफ्टचं कुंपण फक्त 180 फुटांवर, म्हणजे 55 मीटर, आपली आयपीएलची बाउंड्रीही याहून लांब असते राव. आदल्या वर्षी त्याच कुंपणावरून गेलेला बॉल डबल (दोन बेसचा हिट) धरायचे, 1884 ला होम रन केला. 27 पैकी 25 घरच्याच मैदानावर!

आणि 1893 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत लावू नका. त्या वर्षी पिचर बॅटरपासून 60 फूट 6 इंचांवर गेला आणि बॅटर सुटलेच, 1894 ला अख्ख्या नॅशनल लीगचं ॲव्हरेज .309, ह्यू डफीचं .440. पिचर साडेदहा फूट मागे ढकलला असं सगळीकडे छापतात ते मात्र चूक, 50 फूट हे पिचर ज्यात उभा राहायचा त्या चौकोनाच्या पुढच्या रेषेचं माप होतं, 1887 पासून मागचा पाय 55 फूट 6 इंचांवरच ठेवावा लागायचा, म्हणजे खरा फरक पाचच फुटांचा.

डफीलाच अजून सीझन रेकॉर्डवाला म्हणत असाल तर तुमची यादी जुनी आहे, 2024 ला निग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजरमध्ये धरले आणि जॉश गिब्सन 1943 च्या .466 वर त्याच्या वर गेला.