भांडी पुसायचं सुती फडकं: पहिलं विणकाम

दोरा शंभर टक्के सुती घ्या. अॅक्रिलिक पाणी शोषत नाही आणि गरम भांड्याला लागलं तर वितळतं. जाडसर दोऱ्याचा 50 ग्रॅमचा गुंडा एका फडक्याला पुरतो. सुया 7 नंबरच्या (4.5 मिमी), शक्यतो बांबूच्या, धातूच्या सुयांवरून नवख्या हाताचे टाके निसटतात.

हे फडकं कोपऱ्यातून तिरकं विणायचं, म्हणजे माप आधी ठरवावं लागत नाही. 4 टाके घाला, एक ओळ सुलट (साध्या टाक्याने) विणा. मग प्रत्येक ओळीत: 2 सुलट, दोरा पुढे घ्या (सुईवर एक जादा वेढा पडतो, तोच नवा टाका), उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळीची भोकं पडतात. बाजू 20 सेंमी झाली (साधारण 44 टाके) की उतरायला, म्हणजे टाके कमी करायला लागा. प्रत्येक ओळीत: 1 सुलट, 2 टाके एकत्र विणा, दोरा पुढे, पुन्हा 2 एकत्र, बाकी सुलट. 4 टाके उरले की बंद करा.

नेहमीची चूक म्हणजे दोरा पुढे घ्यायचा राहतो. वाढवताना टाका वाढत नाही, उतरताना एकाऐवजी दोन कमी होतात. म्हणून दर चार-पाच ओळींनी टाके मोजा. कडेचं भोक दिसत नसेल तर त्या ओळीपर्यंत उसवा.

सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही. घट्ट विणलंत तर सुई शिरत नाही, मनगट भरून येतं. दोरा बोटावर सैल सोडा. शेवटचं टोक 15 सेंमी ठेवून दोन दिशांनी ओवा, नाहीतर धुताना सुटतं. पहिल्या धुण्यात फडकं थोडं आटतं आणि वीण दाट होते.