सायकलिंगमध्ये किती कॅलरी जळल्या? हिशोब असा मांडा

तासभर सायकल चालवून आल्यावर घड्याळ ६५० कॅलरी दाखवतं, फोनमधलं अ‍ॅप ४८०, आणि इंटरनेटवरचा तक्ता ५६०. तिघांच्या गणिताचा पाया वेगळा असल्यामुळे आकडे जुळत नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः हिशोब केला तर यातला कुठला आकडा फुगलेला आहे ते कळतं.

सगळ्यात सोपी पद्धत 'मेट'ची. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतं, तो १ मेट. रस्त्यावरच्या सायकलिंगला ताशी १६ ते १९ किमी वेगासाठी ६.८, १९ ते २२ साठी ८ आणि २२ ते २५ साठी १० मेट धरतात. मेट गुणिले वजन गुणिले तास, की झालं. ७० किलोचा माणूस ताशी २० च्या वेगाने तासभर गेला तर ८ × ७० × १ = ५६० कॅलरी.

पण या तक्त्याला तुमची सायकल माहीत नाही, रस्ता माहीत नाही, की तुम्ही हँडलवर किती वाकून बसता तेही माहीत नाही. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकसारख्या वेगाने जाणाऱ्याचा आकडा तो बहुतेकदा जास्त दाखवतो. त्यामुळे किलोमीटरवरून केलेला हिशोब जास्त भरवशाचा.

त्यामागचं गणित असं. पायांनी पेडलवर १ किलोज्यूल काम केलं तर शरीर जवळपास १ किलोकॅलरी (आपण बोलताना जिला नुसती कॅलरी म्हणतो ती) खर्च करतं. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, आणि स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला २० ते २५ टक्के भागच कामाला लावतात. बाकीची उष्णता होऊन जाते. पॉवर मीटर (पेडलवर किती वॅटचा जोर लागतो ते मोजणारं उपकरण) असेल तर प्रश्नच नाही: १५० वॅट सरासरीने तासभर म्हणजे ५४० किलोज्यूल, म्हणजेच ५४० च्या आसपास कॅलरी. कार्यक्षमता २० टक्क्यांवर आली तर हाच आकडा ६४५ होतो.

मीटर नसेल तर पुढचे दर वापरा. यात स्वार ७० किलो आणि सायकल, बाटली वगैरे धरून एकूण ८५ किलो, सपाट डांबरी रस्ता, वारा शून्य असं गृहीत धरलं आहे. रोड बाइकवर वाकून बसलं तर ताशी १५ ला किलोमीटरमागे ११ कॅलरी, २० ला १५, २५ ला २०. जाड टायरच्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) ताठ बसलं तर अनुक्रमे १६, २१ आणि २८. पेडल अगदी हलकं मारत असाल तर कार्यक्षमता घसरते, म्हणून ताशी १५ च्या आकड्यात दोन-तीन कॅलरी वाढवा. वेग वाढला की दर चढतो तो मुख्यतः हवेमुळे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो.

चढासाठी एक सोपा नियम आहे. दर १०० मीटर चढाईला, स्वार आणि सायकल मिळून जितके किलो, जवळपास तितक्याच कॅलरी जास्त. ८५ किलोला ८५. उतारावर पेडल न मारता आलात तर तेवढे किलोमीटर शून्य धरा.

एक उदाहरण करून पाहू. एमटीबी, घरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन १४ किमी सपाट रस्ता, आणि ८ किमीचा घाट ज्यात चढाई ४०० मीटर.

सपाट: १४ × २१ = २९४
घाट चढताना ताशी १० च्या वेगाला किलोमीटरमागे १२: ८ × १२ = ९६
उंची: ४ × ८५ = ३४०
उतार: ०

बेरीज ७३०. आता यातून घरी बसूनही झालाच असता तो खर्च वजा करायचा. पेडल मारलेला वेळ दीड तास, म्हणून ७० × १.५ = १०५. उरले ६२५. आहाराच्या वहीत हा आकडा लिहा, ७३० नव्हे. अ‍ॅप बहुतेकदा ही वजाबाकी करत नाही, आणि रोजच्या ठरलेल्या कॅलरींत विश्रांतीचा खर्च आधीच धरलेला असल्यामुळे तो दोनदा मोजला जातो.

आता चुका. सरासरी वेग काढताना फक्त चाक फिरत होतं तो वेळ घ्या. टपरीवर चहाला थांबलेला अर्धा तास मेटने गुणू नका. सिग्नलची मात्र फार चिंता नको: थांबून पुन्हा ताशी २० ला यायला सव्वा-दीड कॅलरी लागते, वीस सिग्नल म्हणजे तीसेक. वाऱ्याचं तसं नाही. ताशी १० चा समोरचा वारा असताना २० चा वेग टिकवला तर हवेचा रोध सव्वादोन पट होतो. परतीच्या पाठीवरच्या वाऱ्याने त्याची पूर्ण भरपाई होत नाही, जाऊन-येऊन सरासरी रोध सव्वापट राहतो. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यांवर हे विसरू नये. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवत असाल तर उलट दर कमी करा.

फोनचा जीपीएस उंची चढ-उतार करून दाखवतो, त्यामुळे सपाट राइडलाही शंभर-दीडशे मीटर चढाई दिसू शकते. नकाशावरून खात्री करा, नाहीतर चढाईच्या नियमाने फुकटच्या कॅलरी जमा होतील. मनगटावरच्या घड्याळाचा हार्ट रेट हँडलच्या हादऱ्यांनी चुकतो. छातीवरचा पट्टा बरा. पण पट्टा असला तरी एप्रिल-मेच्या उन्हात घाम गेल्याने, तेवढ्याच कामाला ठोके वाढतात आणि कॅलरी फुगतात.

जिमच्या सायकलवर वजनाला फार किंमत नाही. १०० वॅटला ५५ किलोचा आणि ८५ किलोचा माणूस जवळपास सारखाच खर्च करतात, कारण वजन सीटवर आहे, चढावर नाही. स्क्रीनवर वॅट दिसत असतील तर वॅट × सेकंद ÷ १००० करा. वॅट न दाखवता फक्त पेडलचे फेरे मोजून कॅलरी सांगणाऱ्या मशीनचा आकडा वहीत लिहूच नका.