डिक्लाइन: भाव उतरला तर, आणि भाव नाकारला तर

माझ्या शिकवणीला लातूरच्या आसपासच्या गावांतली लेकरं येतात. बँक, रेल्वे, कुठली ना कुठली परीक्षा डोक्यात असतेच. इंग्रजीच्या उताऱ्यात डिक्लाइन दिसला की सगळी एका सुरात सांगतात, 'कमी होणे'. बरोबर आहे, पण तेवढ्यावर मार्क मिळत नाहीत.

डिक्लाइन म्हणजे सहसा हळूहळू कमी होणं. मोंढ्यात सोयाबीन महिनाभर रोज थोडं थोडं उतरत गेलं, तर 'द प्राइस डिक्लाइन्ड'. सकाळी सौदा निघाला आणि भाव धाडकन कोसळला, तर तिथं प्लंज किंवा क्रॅश शोभतं. नाहीतर निदान 'शार्प डिक्लाइन' तरी म्हणा. आपल्याकडं भाव उतरतो, बोअरची पातळी खाली जाते, आजोबांची तब्येत खालावते, दुकानाला उतरती कळा लागते. इंग्रजीत या सगळ्याला एकटा डिक्लाइन पुरतो. उतरती कळा तर हुबेहूब 'इन डिक्लाइन'. म्हणून मराठीत आणताना सरसकट 'घट झाली' लिहू नका. 'आजोबांच्या तब्येतीत घट झाली' हे वाचवत नाही.

आता मार्क जातात ती जागा. कमी होण्याच्या अर्थानं हे क्रियापद अकर्मक आहे. भाव आपला आपण उतरतो, त्याला कुणी डिक्लाइन करत नाही. 'ट्रेडर्स डिक्लाइन्ड द प्राइस' असं लिहिलंत, तर वाचणारा समजेल की व्यापाऱ्यांनी तो भाव नाकारला. व्यापाऱ्यांनी भाव पाडला असं म्हणायचंय? मग लोअर्ड लिहा, नाहीतर रिड्यूस्ड.

म्हणजे पुढं कर्म आलं की बहुतेक वेळा अर्थ पालटला: नम्रपणे नाकारणे. 'शी डिक्लाइन्ड द ऑफर.' फोन वाजला की लाल बटणापाशी हाच शब्द असतो, दुकानात कार्ड चाललं नाही की मशीनवरही हाच. रिफ्यूज म्हणजे तोंडावर 'नाही'. डिक्लाइन म्हणजे 'माफ करा, जमणार नाही'. लग्नाचं आमंत्रण रिफ्यूज केलं तर पाहुणे रुसतील. पुढं दुसरं क्रियापद असेल तर मध्ये 'टू' हवाच: 'द मिनिस्टर डिक्लाइन्ड टू कमेंट'. 'डिक्लाइन्ड कमेंटिंग' चूक.

शब्दयोगी पाठच करा. नाम असेल तर कशात घट झाली त्याला 'इन', कितीनं त्याला 'ऑफ': 'अ डिक्लाइन ऑफ 5 पर्सेंट इन सेल्स'. क्रियापद असेल तर 'बाय'.

आणि आकड्यांचा सापळा. समजा, जायकवाडीचा साठा 60 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला. 'डिक्लाइन्ड फ्रॉम 60 टू 40 पर्सेंट', इथवर कुणी चुकत नाही. घट किती विचारलं की निम्मा वर्ग '20 पर्सेंट' लिहितो. ती 20 पर्सेंटेज पॉइंट्सची घट आहे. टक्क्यांत काढायची तर मूळ 60 वर काढा, 33.33 येते. डेटा इंटरप्रिटेशनच्या, म्हणजे तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांच्या, पर्यायांत 20 हमखास ठेवलेला असतो, तुमच्यासाठीच.

एक अर्थ राहिला. संस्कृतात 'रामः रामौ रामाः' असं शब्द चालवणं, त्यालाही इंग्रजीत डिक्लाइनच म्हणतात. तुमच्या पेपरला ते येत नाही, सोडून द्या.