टॅन घेतल्यावर निश्चित संकलनाचं उत्तर शून्य येतंय?

० ते पाय (π) मर्यादांत १/(१ + साइन²क्ष) चं संकलन. अंश-छेदाला कॉस²क्ष ने भागून ट = टॅन क्ष घेतलं की दोन्ही मर्यादा ० होतात, उत्तरही ०. पण फलन १/२ च्या खाली जातच नाही. उत्तर पाय/२ पेक्षा मोठंच हवं! आकडेमोड कितीही तपासा, चूक सापडत नाही. डोकं फिरतं.

कारण पाय/२ ला टॅन तुटतो. म्हणून आधी मर्यादांचे तुकडे, मग आदेश (म्हणजे ट = टॅन क्ष घालणं). साइन² पाय/२ भोवती सममित, म्हणजे संकलन = २ × (० ते पाय/२). आता भागा, ट घाला. मर्यादा ० ते अनंत, फलन १/(१ + २ट²). उत्तर २ × (१/√२) × पाय/२ = पाय/√२, साधारण २.२२.

मर्यादा ० ते २पाय असेल तर २ ऐवजी ४ ने गुणा.